गोळी खाऊन जिंकलेला कप

पोलादपुरात ज्यांच्याकडून मी सायकल शिकले, त्यांनी हँडल माझ्या हातात देण्याआधी मला एक गोष्ट सांगितली. दुकानाच्या वाशाला तारेने टांगलेल्या पितळी कपाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "बाई, तो कप दिसतो? मुंबईच्या रेसचा हाय. मी तो गोळी खाऊन जिंकलाय. म्हंजे तो माझा नाय. हे ऐकून पण माझ्याकडं शिकायचं असंल, तर उद्या सकाळी या."

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मुंबईला नर्सिंग शिकून नुकतीच पोलादपूरच्या एका लहानशा धर्मादाय दवाखान्यात लागले होते. मला सायकल शिकवणारा माणूस हवा होता, त्याच्या पापांची यादी नको होती. मला वाटलं, गृहस्थ सकाळीच घेऊन बसलेत. पुढे होऊन चोरून वासही घेतला. पंक्चरच्या सोल्युशनचा वास होता, दुसरा कसला नाही.

गाव त्यांना 'च्यांपियन' म्हणे. काही जण कौतुकाने म्हणत, बरेच जण टिंगलीने. त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पुढे मी तीसेक वर्षं नर्स म्हणून खेड्यापाड्यांतून फिरले. ती ज्या कण्याच्या जोरावर फिरले, तो कणा मला त्यांच्यामुळे मिळाला. हे त्यांच्यापाशी बोलून दाखवायचं राहून गेलं, म्हणून निदान लिहून ठेवते.

महाबळेश्वरचा रस्ता मोठ्या रस्त्यापासून जिथे फुटतो, तिथे त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. भाड्याच्या आठ सायकली होत्या आणि प्रत्येकीचं नाव ठेवलेलं होतं. दिवा नसलेली ती 'आंधळी', जिची चेन सारखी करकरायची ती 'रडकी', आणि ब्रेक दाबला की जागच्या जागी रुतून बसायची ती 'सासू'. गिऱ्हाइकाला हवी ती सायकल ते कधी देत नसत. आधी विचारत, "कुठं? कशाला? घाई हाय का?" घाई आहे म्हटलं की त्याच्या नशिबी हमखास 'सासू' यायची. "घाईवाल्याला चांगली सायकल देऊ नये," ते म्हणत, "तो पडतो. वर सायकल वाईट म्हणून सांगत फिरतो."

आठ सायकलींचा हा मालक स्वतः मात्र कधी सायकलवर बसत नसे. महाडला सामान आणायला जायचं असलं तरी हातात सायकल धरून चालत जायचे आणि येताना कॅरियरवर टायर बांधून चालत यायचे. वाटेत एसटीचे ड्रायव्हर ओरडत, "च्यांपियन, अहो बसा तिच्यावर! तिला लाज वाटते!" ते मान हलवत आणि चालत राहत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "पायडल मारायला लागलो की कळत नाय बाई, माझे पाय कुठले आणि गोळीचे कुठले. चालताना कळतं."

मला शिकवताना पहिले तीन दिवस त्यांनी सीटवर बसूच दिलं नाही. नुसती सायकल धरून नदीपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी चिडले. "मी काय म्हैस चारायला नेते आहे का?" असं विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "म्हशीला पण आधी वळण बघू देतात." चौथ्या दिवशी बसवलं आणि त्याच दिवशी माझी साडी मागच्या चाकात गेली. भर रस्त्यात मी उभी, पदर चाकात आणि चार म्हाताऱ्या बघायला. "अगो बाय बाय, नर्स बग गो कशी अडाकली ती!"

दुसऱ्या दिवशी ते दुकान बंद करून दासगावला गेले. तिथल्या कोळ्यांकडून जुन्या जाळ्याचा तुकडा आणला आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना पंख्यासारखा ताणून बसवला. साडी पुन्हा कधी अडकली नाही. दवाखान्याच्या ट्रस्टमधले एक वजनदार गृहस्थ मला सायकलवर बघून दुकानाशी थांबले आणि त्यांना म्हणाले, "बायामाणसाला हे शोभतं का हो?" च्यांपियन हात पुसत बाहेर आले. "नाय शोभत, साहेब. चालतच जाऊ दे त्यांना. फकस्त कापडे गावच्या बाळंतिणीला निरोप धाडा, थोडा दम धर म्हणावं." गृहस्थ निघून गेले. पुन्हा तो विषय निघाला नाही.

आता त्या गोळीबद्दल.

प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला, हवा भरायच्या आधी, ते कपाची हकिगत सांगत. हकिगत अशी होती. स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. ते मुंबईत एका गिरणीत बदली कामगार होते. गावाकडच्या माणसांच्या सामाईक खोलीत राहत. त्याच खोलीत महाडजवळच्या खाडीपलीकडच्या तुडील गावचा एक समवयस्क होता, तोही त्याच गिरणीत बदलीवर. दोघांनाही सायकलचं वेड होतं. मालकाला शर्यतींची हौस होती, आणि घाट चढून जाणारी मोठी शर्यत जो जिंकेल त्याला कायम करून गिरणीच्या नावाने पगारी खेळाडू ठेवायचं असं ठरलं होतं. दोघांत मिळून शर्यतीची सायकल एकच होती. एक दिवस हा चालवी, एक दिवस तो. शर्यतीपुरती दुसरी सायकल गिरणीने दिली. आदल्या दिवशी गिरणीच्या वस्तादाने च्यांपियनना बाजूला घेऊन चार पांढऱ्या गोळ्या दिल्या. लढाईत शिपायांना जागं ठेवायला देत, त्यातल्या. च्यांपियन पहिले आले, तुडीलचा दुसरा. च्यांपियन कायम झाले. तुडीलच्या माणसाला वर्षभराने काम मिळेनासं झालं आणि तो घरी शेतीवर परतला.

हे कुणाला खरं वाटत नसे. समोरच्या चहाच्या हॉटेलात यावर कायमची खडाजंगी चाले. एक कंडक्टर म्हणे, "गोळी काय पायडल मारते काय? जिंकला तो पायांनीच. उगा सोंग करतो." मुंबईहून सुटीवर आलेला एक जण म्हणे, "अरे तिकडं सगळेच खातात, त्यात काय सांगायचं?" शाळेतले गुरुजी मोठे हुशार. ते चष्मा पुसत म्हणायचे, "पितळी कप दहा वर्षांनी कोण लक्षात ठेवतो? पण कबुली देणारा माणूस लक्षात राहतो. ही कबुली म्हणजे च्यांपियनचा दुसरा कप आहे."

गुरुजींचं हे बोलणं च्यांपियनना लागलं होतं. मला एकदा म्हणाले, "गिरणीच्या मॅनेजरला सांगितलं तेव्हा तो पण हसला. दोन वर्षांनी सांगितलं ना, तोवर मी हरायला लागलेलो. गोळ्या चालूच होत्या, जिंकणं बंद झालेलं. तो बोलला, हरतोस म्हणून आता गोळीची गोष्ट काढतोस. मी कागदावर लिहून दिलं. त्यानं कागद फाडला आणि मला सांगितलं, घरी जाऊन झोप."

"मग तुमच्यासारख्याचं खरं की खोटं, हे ओळखायचं कसं?" मी विचारलं.

त्यांनी एक स्पोक आवळला. मग म्हणाले, "तिथं अजून तिघाचौघांनी खाल्लेल्या. दारू प्यायल्यावर सांगायचे. सगळ्यांची गोष्ट एकच, वस्तादानं दिली, मला ठाऊक नव्हतं काय हाय ते. असं जो सांगतो, त्याची कबुली अर्धी धरायची. मला ठाऊक होतं बाई. मी वस्तादाला विचारलं, तुडीलवाल्याला पण देणार का? तो बोलला, नाय. तेव्हाच मी हात पुढं केला."

मला स्वतःला त्यांचं म्हणणं पटलं होतं, ते मात्र माझ्या धंद्यामुळे. शिकत असताना इस्पितळात एक विद्यार्थी आणला होता, परीक्षेसाठी तसल्याच गोळ्या खाल्लेला. म्हणून मी च्यांपियनना तपासणीच्या सुरात एकेक विचारलं होतं. त्यांनी सांगितलं, जीभ पॉलिशच्या कागदासारखी झालेली. काळजात गिरणी सुरू. जबडा इतका आवळलेला की गाल आतून चावून रक्त आलं. रस्त्यावरची खडी न् खडी मोजता यावी असं दिसत होतं. जिंकल्यावर दोन दिवस अन्न नको आणि डोळ्याला डोळा नाही. तिसऱ्या दिवशी विनाकारण हुंदके देऊन रडले. हे सगळं कुणाला रचून सांगता येत नाही. मी हॉटेलात जाऊन तसं सांगितलंही. कंडक्टर म्हणाला, "नर्सबाईंना त्यांनी फुकट सायकल शिकवली ना!"

आता माझं सांगते. हे सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र पुरं होत नाही.

कापड्याच्या वरच्या वाडीत एक बाई आठव्या महिन्यात होती. पायाला सूज होती. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, आठवड्यातून एकदा जाऊन लघवी तपासायची, रक्तदाब बघायचा. आश्विनातल्या एका गुरुवारी मी गेले नाही. पाऊस नव्हता, सायकल ठीक होती, मीही आजारी नव्हते. महाडहून माझी मैत्रीण आली होती आणि आम्ही दोघी खोलीवर गप्पा मारत बसलो होतो. संध्याकाळी भेटीच्या वहीत मी लिहिलं, 'भेट दिली. सूज कमी. प्रकृती ठीक.'

शनिवारी तिला झटके आले. ट्रकमध्ये घालून महाडला नेलं. ती वाचली, मूल गेलं. डॉक्टरांनी वही उघडली, माझी नोंद वाचली आणि म्हणाले, "गुरुवारी ठीक होती म्हणजे फार झपाट्याने बिघडली. तुमचा काही इलाज नव्हता." माझ्या पाठीवर त्यांनी हात ठेवला. तो हात मला महिनाभर पाठीवर जाणवत होता.

कार्तिकात एकदा चेन सैल झाली म्हणून दुकानात गेले होते. ते चेनला तेल घालत होते आणि मी एकदम सगळं बोलून टाकलं. वाटलं होतं, हा माणूस तरी समजून घेईल, धीर देईल. त्यांनी तेलाचा डबा खाली ठेवला.

"कुणाकुणाला सांगितलंत?"

"तुम्हालाच. पहिल्यांदा."

"मला कशाला? माझं काय गेलंय?"

ते आवाज न चढवता म्हणाले, "जिचं गेलं तिला सांगा. आणि ज्यांनी तुमच्यावर भरवसा ठेवला, त्या डॉक्टरांना. माझ्यापाशी सांगून तुम्हाला फकस्त मोकळं वाटंल, बाकी काय नाय."

मला राग आला. इतका की तोंडातून निघून गेलं, "आणि तुम्ही? तुम्ही हवा भरायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगता. तुडीलच्या माणसाला सांगितलंत कधी?"

त्यांनी चेन चढवली, सायकल माझ्या हातात दिली आणि आत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशी बंद. लोक म्हणाले, च्यांपियन आजारी आहेत. मला ठाऊक होतं कसले आजारी आहेत ते.

त्यांच्या बंद दुकानासमोरून मी कापड्याला गेले. ती बाई ओट्यावर नाचणी पाखडत होती. मी उभ्या उभ्या सांगितलं. कारण सांगितलं नाही, कारण नव्हतंच. गुरुवारी आले नव्हते, येऊनही मूल वाचलं असतं की नाही ठाऊक नाही, पण वहीत खोटं लिहिलं, एवढं सांगितलं. तिची सासू धावत बाहेर आली आणि तोंडाला येईल ते बोलली. ते मी ऐकून घेतलं. ती स्वतः सूप हातात धरून बसली होती. सासूचा आवाज दमल्यावर ती म्हणाली, "आता परत दिवस ऱ्हायले तर येशील का नाय?"

"येईन."

"लिवू नको. ये."

एवढंच बोलली आणि पुन्हा पाखडायला लागली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून वहीतली नोंद लाल शाईने खोडली. ट्रस्टला कळवावं लागेल म्हणाले आणि कळवलं. मला नोकरीवरून काढायचं की नाही यावर दोन बैठका झाल्या. शेवटी लेखी ताकीद देऊन ठेवलं. त्या दोन बैठकांच्या मधल्या दिवसांतच एका सकाळी च्यांपियन दवाखान्याच्या दारात उभे राहिले. दाढी केलेली, धुतलेला सदरा, काखेत पिशवी. पिशवीत कप होता.

"बाई, तुडीलला जायचंय. तुम्ही चला बरोबर."

"मी कशाला?"

"तो माझ्यावर विश्वास ठेवणार नाय. कुणीच ठेवत नाय. तुम्ही औषधातल्या. तुम्ही सांगा, असं होतं म्हणून."

रविवारी आम्ही एसटीने दासगावला उतरलो आणि होडीने पलीकडे गेलो. होडीत ते मध्येच पिशवीत हात घालून कप आहे ना बघत होते, जणू तो पळून जाणार होता.

तुडीलचा माणूस खळ्यात भात झोडत होता. उंच, काटक, अंगभर भुसा. च्यांपियनना बघून त्याच्या हातातली पेंढी तशीच राहिली. मग तो मोठ्याने हसला. "अरे च्यांपियन! वाट चुकलास काय रं?" त्याने बायकोला हाक मारली, पाणी आणायला सांगितलं. बायको तांब्या घेऊन आली. तिच्या मागून सात-आठ वर्षांची मुलगी आली आणि दाराशी टेकून उभी राहिली.

च्यांपियननी पाणी घेतलं नाही. गिऱ्हाइकांना सांगून सांगून त्यांना ती हकिगत तोंडपाठ झालेली होती. त्या दिवशी मात्र त्यांना शब्द सापडेनात. अडखळत, मागेपुढे होत त्यांनी सांगितलं. वस्ताद, चार गोळ्या, आणि तो प्रश्न, 'तुडीलवाल्याला पण देणार का?' तोही सांगितला, गाळला नाही. शेवटी पिशवीतून कप काढून खळ्याच्या कडेला ठेवला.

तुडीलच्या माणसाने हातातली पेंढी खाली टाकली. मग खांद्यावरचा भुसा झटकत म्हणाला, "एवढंच ना? त्यात काय. मी पण खाल्लेली."

"काय?"

"गोळी. मी पण खाल्लेली. वस्तादानं मला पण दिलेली, तुला सांगितलं नसंल. फिटंफाट. चल, जेवायला बस."

च्यांपियनचा चेहरा मी कधी विसरणार नाही. दहा वर्षांचं ओझं कुणीतरी एका झटक्यात उचललं आणि तरी खांद्याला ते खरं वाटत नाही, असा चेहरा. ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही विचारा त्याला. मला विचारलंत तसं."

मी विचारलं. घशाला कोरड पडली होती का? तो म्हणाला, "छे, उलट बरं वाटत व्हतं." रेसनंतर भूक? "तीन ताटं भात खाल्ला." आणि झोप? "पडल्या पडल्या लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी उठलो." बोलताना तो माझ्या डोळ्यांत बघत होता. त्याला कळलं होतं की मला कळलंय. त्याच्या नजरेत एकच विनंती होती, बाई, राहू द्या.

"खरं बोलतोय का तो?" च्यांपियननी विचारलं.

मी हो म्हटलं असतं तर तिथेच सगळं मिटलं असतं. दोन मित्र जेवायला बसले असते आणि एक भला माणूस मोकळा होऊन घरी गेला असता. पण भल्यासाठी का होईना, खोटी नोंद ती खोटीच. आणि तसली एक मी नुकतीच लाल शाईने खोडलेली पाहिली होती.

"नाही," मी म्हटलं. "यांनी गोळी खाल्लेली नाही. कधीच नाही."

तुडीलचा माणूस माझ्यावर भडकला. "तुम्हाला कुणी विचारलं हो? मी त्याला सोडवत व्हतो ना!" च्यांपियन खाली बसले, भुशातच, गुडघ्यांत मान घालून. तेव्हा त्याची बायको पुढे आली. इतका वेळ ती तांब्या धरून उभी होती.

"सोडवायला तुमचं काय जातं?" ती नवऱ्याला म्हणाली. मग च्यांपियनकडे वळून म्हणाली, "भावजी, नोकरी गेली ती गेली. भात पिकतो, पोट भरतं. पण ह्यांना इतकी वर्सं वाटत आलंय, आपलेच पाय कमी पडले. लग्नाच्या आधी आमच्या घरी सांगून मोकळे झाले, मी मुंबैस हरून आलेला माणूस हाय म्हणून. अजून पोरीला कुणी विचारलं तुजा बापूस मुंबैस काय करायचा, तर हे म्हणतात, सांग, काय नाय करायचा. हे कसं भरून देणार तुम्ही?"

च्यांपियननी मान वर केली. "नाय भरून देता येणार, वहिनी," ते म्हणाले. "म्हणून आलोय. सांगण्यापलीकडं माझ्याकडं काय नाय."

तिने तांब्या खाली ठेवला. मग वाकून कप उचलला, पदराने पुसला आणि घरात नेऊन ठेवला. जाता जाता म्हणाली, "बसा. भात लावते."

तुडीलचा माणूस मात्र जागचा हलला नव्हता. त्याचा राग गेला होता आणि त्या जागी काहीतरी दुसरंच येत होतं, हळूहळू, त्याच्याच नकळत. तो च्यांपियनसमोर उकिडवा बसला.

"म्हंजे," तो म्हणाला, "त्या दिवशी गोळी नसती तर..."

"तर तू पुढं होतास. घाटाच्या पायथ्याला तू पुढंच होतास. माझं मी जाणतो."

"म्हंजे मी पयला?"

"तूच पयला."

त्याने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. दाराशी उभ्या मुलीला हाक मारली, "इकडं ये गो." ती आली. तिच्या खांद्यावर हात ठेवून त्याने तिला च्यांपियनसमोर उभं केलं. च्यांपियननीच तिला सांगितलं. ती नुसती ऐकत होती, एकदा बापाकडे, एकदा ह्या पाहुण्याकडे बघत.

जेवलो. तुडीलच्या माणसाने च्यांपियनच्या ताटात दोनदा सुकी मच्छी वाढली, तेवढंच. सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. निघताना बायकोने मला हळदीकुंकू लावलं, च्यांपियनना 'या परत' म्हणाली नाही. पुढे दोघांचं येणं-जाणं राहिलं का, तेही मला नीट ठाऊक नाही. एवढं खरं की त्यानंतर दुकानात कुठल्याही गिऱ्हाइकाला त्यांनी ती हकिगत सांगितली नाही. हॉटेलातल्या लोकांना चुकल्याचुकल्यासारखं झालं. गुरुजींनी एकदा स्वतःहून विषय काढला, तर च्यांपियन म्हणाले, "ज्याला सांगायची होती त्याला सांगून झाली." सायकलवर ते पुढेही कधी बसले नाहीत. मी डिवचलं तर म्हणाले, "आता चालायची सवय झाली बाई."

त्यांच्याकडून मी काय शिकले, असं पुढे नव्या नर्सेसना सांगायची वेळ आली की मी त्यांना एकच सांगे. चूक झाली की ती जिच्या घरी झाली, तिच्या ओट्यावर जाऊन उभं राहायचं. काही मुली रागावत, काही रडत. एक-दोघी गेल्या आणि परत येऊन माझ्या कुशीत शिरल्या. त्यांना मी च्यांपियनचं नाव सांगत नसे. च्यांपियनना ते आवडलं नसतं.

त्या दिवशी तुडीलहून निघालो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. होडीवाल्याने बांबू टेकवून होडी लोटली. आम्ही पाण्यात थोडं आत आलो असू, तेवढ्यात काठावरून ती मुलगी पळत आली. काठाला बायका कपडे धूत होत्या, दोन म्हातारे जाळं सुकवत होते. ती त्या सगळ्यांना ओरडून सांगत होती, "माजा बापूस पयला आला! मुंबैच्या रेसमंदी पयला आला!" एक म्हातारा हसून म्हणाला, "कोण सांगतो गो तुला?" ती गोंधळून थांबली आणि तिने आमच्या होडीकडे बोट केलं.

च्यांपियन होडीत उठून उभे राहिले. होडी डचमळली, होडीवाला शिव्या घालू लागला. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल असे ओरडले,

"खरं हाय! तोच पयला आला! मी त्याच्या मागं होतो!"